मशीनला जेली कोणी लावली

३ फेब्रुवारी

ताई,

सोबत माझं टॅटूचं मशीन पाठवते आहे. जुन्या टॉवेलात गुंडाळलंय, जपून उघड. काम चालू असताना एकदम तापलं आणि अडकलं. मोटर घूं घूं करते, पण सुईला ढकलणारा दांडा खाली-वर होत नाही. मागच्या वेळी तूच ते उघडून, साफ करून, तेल-ग्रीस घालून दिलं होतंस, म्हणून तुझ्याकडेच पाठवते. तेव्हा नक्की काय घातलं होतंस ते जरा आठवून लिही. उस्तादांचं म्हणणं असं की शिलाई मशीनचं तेल या कामाला चालत नाही, फार पातळ असतं. टॅटूच्या मशीनला कोणतं वंगण घ्यावं यावर त्यांनी बरंच वाचलंय. मी म्हटलं, ताईला विचारते.

तू पाठवलेल्या, शाळेतल्या शिवणाच्या बाईंचंच काम चालू होतं. अर्धं राहिलं. बाकी ठीक.

फोन करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही माहीत आहे. तू ओरडतेस, मी रडते आणि मुद्दा जागच्या जागी राहतो. पार्सल जाणारच होतं, त्यात चिठ्ठी टाकली.

लवकर दुरुस्त करून पाठव. सध्या उस्तादांच्या दुकानातलं जुनं मशीन वापरते आहे, त्याने हाताला मुंग्या येतात.

बारकी

९ फेब्रुवारी

बारके,

मशीन उघडलं. बाकावर पांढरा कागद पसरून एकेक भाग त्यावर मांडला आणि माझं डोकं फिरलं.

मी काय घातलं होतं ते मला आठवावं लागत नाही. मोटरच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकाने. हो, शिलाई मशीनचंच तेल. तिथे पातळच लागतं, जाड तेलाने मोटर कुंथते. दांड्याला ढकलणाऱ्या कॅमवर आणि दांडा ज्या खोबणीत सरकतो तिथे सिंथेटिक ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. तिथे पातळ तेल घालायचं नाही, ते ओघळून सुईपर्यंत येतं आणि सुईवरून माणसाच्या अंगात जातं. कॅमवरच्या छोट्या बेअरिंगला दोन्हीकडून झाकण आहे. त्यात ग्रीस कारखान्यातूनच भरून येतं, त्याला मी हात लावला नाही. रबरी रिंगलाही काही लावलं नाही. एवढंच. तुझ्या उस्तादांनी बरंच वाचलंय ना, मग त्यांना हेही वाचून दाखव.

आता आत काय निघालं ते ऐक. पेट्रोलियम जेली. गिऱ्हाइकाच्या कातडीला तुम्ही फासता तीच. थोडी पत्र्यावर घेऊन दिव्याखाली धरली, तर पाण्यासारखी पळाली. ग्रीस असं पळत नाही. मोटर तापली की ही बया वितळते, खोबणीतून निघून जाते आणि जाताना माझं ग्रीसही धुऊन नेते. मग धातूवर धातू घासतो. राहिलेल्या चिखलात तुझी शाई कालवली गेली, रबरी रिंग फुगली आणि तिनेच दांडा धरून ठेवला. अगं, हे मशीन आहे, भेगा पडलेली टाच नाही.

लहानपणापासून तुझं हेच. सायकलच्या साखळीला डोक्याचं तेल तूच लावलं होतंस आणि वर सांगत होतीस की वास किती छान येतो.

कोणी लावली ही जेली? आणि बाईंचा हात कसा आहे? शाळेच्या शिवणवर्गातली मशिनं बघायला गेले होते, तर कळलं बाई रजेवर आहेत. इस्त्रीने भाजलेला तो डाग घेऊन त्या वर्षानुवर्षं लांब बाह्यांत फिरल्या. मी सांगितलं म्हणून तुझ्याकडे आल्या. "बाकी ठीक" हे दोन शब्द तू लिहितेस तेव्हा काहीच ठीक नसतं, हे मला काही आजच कळलेलं नाही.

ताई

१५ फेब्रुवारी

ताई,

मी जेली लावली नाही. लिहून देते हवं तर.

तू मशीन उघडलंस की माझं बालपण उघडलंस? सायकलची साखळी कुठून आली मध्येच? मी साधा प्रश्न विचारला होता. तू न्यायाधीश होऊन बसलीस.

तुझी ग्रीसची ट्यूब संपली होती. दुसरी मागायला मी फोन केला होता, तेव्हा तू म्हणालीस, "हातात काम आहे, नंतर बोल." नंतर तू बोललीच नाहीस. तेही आठवून बघ, तुला सगळं आठवतं ना.

बाईंचा हात जरा सुजलाय. भाजलेली कातडी नाजूक असते, थोडं ओरखडलं. भरून येईल. मी रोज विचारपूस करते.

उस्तादांना मी तुझं पत्र दाखवलं नाही. उगाच कशाला. तू त्यांना कधी भेटली नाहीस, माझ्या दुकानात कधी पाऊल ठेवलं नाहीस, माझ्या कामाला अजून "कातडीवर गिरगटणं" म्हणतेस आणि लांबून सगळ्यांची मापं काढतेस. कोणी लावली, का लावली, यात आता काय शोधायचंय? मशीन दुरुस्त होत असेल तर कर. नसेल तर तसं सांग.

बारकी

२२ फेब्रुवारी

बारके,

हातात काम होतं. खरंच होतं. पण तुझ्या पत्राचं उत्तर आज त्यासाठी देत नाहीये.

काल बाई माझ्या दुकानात आल्या. मी एका शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. वर बघितलं तर त्या उभ्या, हाताला कोपरापासून मनगटापर्यंत कापड गुंडाळलेलं. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"काय हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही मशिनं दुरुस्त करता की माणसं बिघडवता?"

त्यांनी कापड सोडून दाखवलं. तू "ओरखडलं" लिहिलं होतंस. ओरखडा मला माहीत आहे, बारके. ते ओरखडणं नव्हतं, चिरत गेलं होतं. कडेने पू धरला होता, आता सुकतोय.

"तिथल्या मालकांनी मला स्पष्ट सांगितलं," बाई म्हणाल्या. "हिची बहीण शिलाईची मशिनं दुरुस्त करते, तिने तेच तेल यात ओतलं, म्हणून सुई अडकली. ते बिचारे माझी माफी मागत होते."

मी विचारलं, "आणि माझी बहीण काय म्हणाली?"

"काय म्हणणार? हो म्हणून मान हलवली तिने."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला काल कळलं. आणि तरी मी गप्प बसले. जेलीचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, मग तुमच्या बहिणीने मान का हलवली? माझ्याच तोंडाने मी माझ्या बहिणीला खोटारडी म्हणणार होते का? म्हणून मी मूग गिळून बसले, आणि बाईंना वाटलं, चोर सापडला.

आज शाळेतून निरोप आला. शिवणवर्गाची मशिनं यापुढे दुसरं कोणीतरी बघेल. त्या वर्गातलं एकेक मशीन मी आवाजावरून ओळखते. कोणतं सुरू होताना कुरकुरतं, कोणत्याला दोरा तोडायची खोड आहे, सगळं. ते काम गेल्याचं दुःख आहेच. पण समोरच्या दुकानातला शिंपी मला रस्त्यात विचारतोय, "काय ऐकतो ते खरं का?" त्याला मी काय सांगू?

तू तुझ्या उस्तादांना वाचवलंस आणि खापर माझ्या डोक्यावर फोडू दिलंस. मला कारण लिही. सुजलाय, भरून येईल, असलं काही लिहू नकोस.

ताई

३ मार्च

ताई,

लिहिते.

बाई खुर्चीवर होत्या. भाजलेल्या जागेवर वेल काढत होते, अर्धी झाली होती. मशीन खडखड करायला लागलं, दांडा कोरडा पडला होता. मी थांबणार होते. उस्ताद आले, म्हणाले, "एवढ्याशा आवाजाला काय घाबरतेस?" त्यांनी हातमोजा घातलेलं बोट जेलीत बुडवलं, मशीनचं डोकं उघडलं आणि आत फिरवलं. म्हणाले, "जे कातडीला चालतं ते मशीनला का चालणार नाही?" आवाज लगेच बंद झाला. एकदम मऊ चालायला लागलं. बाईसुद्धा म्हणाल्या, वा.

मला माहीत होतं. तू मला कितीदा सांगितलं होतंस. मी तोंड उघडलं नाही आणि पुढे काम केलं.

मग मशीन तापलं. सुई मंदावली. एका पानाची कड राहिली होती, तेवढी होऊन जाईल म्हणून मी थांबायच्या ऐवजी हात दाबला. सुईने टोचायच्या ऐवजी कातडी ओढली. बाई ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "अगं, थांब." तोवर झालं होतं.

उस्तादांनी तेलाचं सांगितलं तेव्हा मी मान हलवली नाही. मी खाली बघत होते. बाईंना ती हलल्यासारखी दिसली असेल. आणि मी ती तशी दिसू दिली.

आता तू म्हणशील, का. तुम्ही सगळ्यांनी तोंड फिरवलं होतं तेव्हा त्यांनी मला शिकवलं. दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, मी बसते ती खुर्चीसुद्धा त्यांची. त्यांच्यासमोर मी आजवर "नाही" म्हटलेलं नाही. कसं म्हणतात ते मला येतच नाही. तुझ्यासमोर येतं, कारण तू काही केलं तरी बहीणच राहणार. म्हणून तुझा बळी दिला. हे लिहिताना माझीच मला किळस येते आहे, पण तुझाही राग येतो आहे. तू एकदा जरी दुकानात येऊन माझ्या बाजूला उभी राहिली असतीस, तर त्या दिवशी मला इतकं एकटं वाटलं नसतं.

मी काय करू ते सांग. नको, सांगू नकोस. तुझं उत्तर मला माहीत आहे.

बारकी

७ मार्च

बारके,

उत्तर माहीत आहे म्हणतेस, मग मी शाई कशाला घालवू?

मशीन सोबत आहे. सगळं धुऊन काढलं, रबरी रिंग नवीन टाकली, कॅमवरचं बेअरिंग बदललं, त्याच्यातही जेली गेली होती. ग्रीसची ट्यूब दिली आहे, तेलाची छोटी बाटलीही. तेल मोटरला, ग्रीस दांड्याला, एवढं डोक्यात ठेव. गंज सोडवायचा तो स्प्रे कोणी मारायला आलं तर हात धर त्याचा. त्याने सुरुवातीला सगळं गुळगुळीत चालतं आणि आतलं ग्रीस विरघळून जातं. जेलीचा भाऊच तो.

तुला एकटं वाटलं ते मी वाचलं. त्यावर मी आत्ता काही लिहिणार नाही, कारण आत्ता जे लिहीन ते कडूच असेल.

एक मात्र सांगते. मी ज्या मशीनला हात लावते त्याचं पुढे जे होतं ते माझ्या नावावर येतं. माझ्याकडे दुसरं काही नाही, ना मोठं दुकान, ना पाटी. लोक म्हणतात, तिने बघितलंय ना, मग चालेल. एवढीच माझी कमाई. उस्तादाने तुला खुर्ची दिली, म्हणून तू त्याला माझं नाव द्यायचं नव्हतंस. ते द्यायचा हक्क तुला नव्हता.

बाई रोज शाळेत असतात. रस्ता तुला माहीत आहे. तोवर मला लिहू नकोस.

ताई

११ एप्रिल

ताई,

सांगितलं.

आधी उस्तादांना सांगितलं की मी बाईंना खरं सांगणार आहे. ते हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी थट्टा करत नाहीये. म्हणाले, "मग मशीन उचल आणि तूही ऊठ." इतक्या वर्षांचं एका वाक्यात आवरलं. माझी शाई, माझे हातमोजे, भिंतीवरची माझी चित्रं, सगळं एका खोक्यात मावलं. मला वाटलं होतं जास्त असेल.

मग शाळेत गेले. बाईंना म्हटलं, जरा बाहेर येता का, बोलायचंय. त्या म्हणाल्या, "बोल की, इथेच." वर्ग भरलेला, सगळ्या मुली मशिनं थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिथेच सांगितलं. जेली उस्तादांनी लावली, मी बघितलं, मी बोलले नाही, मशीन तापलं तरी मी थांबले नाही, ताईच्या तेलाचा काही संबंध नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "संपलं? जाताना दार लावून घे."

मी दार लावून आले.

झालं तुझं समाधान? शाळेचं काम तुझ्याकडे परत आलं की नाही ते मला कळवू नकोस. मी ते तुझ्यासाठी केलं नाही. खोटं. तुझ्यासाठीच केलं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

एका मैत्रिणीने तिच्या पार्लरची मागची खोली दिली आहे. स्वच्छ आहे, पाणी आहे, दार आहे. गिऱ्हाईक तेवढं नाही. उस्तादांनी गावभर सांगितलंय की हिचा हात थरथरतो. सध्या सरावाला संत्र्यांच्या सालीवर रेषा ओढते आणि मग ती संत्री खाते. मशीन छान चालतंय. हे तुला सांगायचं नव्हतं.

बारकी

२० मे

बारके,

तू कळवू नकोस म्हणालीस तरी कळवते. शाळेने मला परत बोलावलं. मुलींनीच घरोघरी सांगितलं होतं म्हणे. शिंपी आता मला रोज नमस्कार करतो, त्याचाही वैताग आलाय.

पण पत्र त्यासाठी नाही. परवा बाई पुन्हा दुकानात आल्या. या वेळी खुर्चीवर बसल्या, बाही वर केली आणि हात माझ्या बाकावर ठेवला, तेल-धाग्यांच्या पसाऱ्यातच. म्हणाल्या, "भरलाय. बघा."

मी दिवा खाली ओढला. डोळ्याला लावायचं भिंग लावलं, बॉबिनच्या खाचा बघायचं. बारके, मी आजवर तुझं काम बघितलंच नव्हतं. दारातून बघून मान फिरवायचे, त्याला बघणं म्हणत नाहीत. भाजल्याने जिथे कातडी आवळली आहे तिथे तू पान मुडपलं आहेस, त्यामुळे ती सुरकुती आता पानाची शीर वाटते. मी माहीत असून शोधत होते, तरी डाग कुठे सुरू होतो ते सापडेना. टाका कुठे सुरू झाला आणि कुठे उचलला हे मला लांबूनही दिसतं. तुझ्या रेषेत मला ते दिसलं नाही. मग मनगटाजवळ एकदम फिकट पट्टा येतो आणि वेल तुटते. तिथपर्यंत येऊन माझी नजर थांबली.

मला इतका राग आला. ज्या हाताला हे येतं, तो हात असल्या माणसापुढे दबला आणि तू खाली बघत बसलीस. त्याचा राग आला. तू लिहिलं होतंस ना, मी बाजूला उभी असते तर. त्याचाही आला, पण तो तुझ्यावर नाही. तो माझा मी बघते.

बाई म्हणाल्या, "एका मोठ्या दुकानाचं नाव मिळालंय मला. चकचकीत आहे, लोक चांगलं बोलतात. तिथे जाऊन पुरं करून घेऊ का? मशिनींतलं मला काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

मी म्हटलं, "ही वेल जिने काढली तिच्याकडेच जा."

"आणि परत काही झालं तर?"

"तर मला धरा," मी म्हटलं.

मग त्यांनी बाही खाली केली आणि विचारलं, "कधी जायचं?"

शनिवारी सकाळी आम्ही दोघी येतो आहोत. आदल्या दिवशी मशीन उघडून ठेव, मी आल्यावर बघेन आणि मगच बंद करू. खोलीत चांगला दिवा नसेल तर माझा आणते. मला आल्या आल्या मिठ्या मारू नकोस, माझा राग अजून गेलेला नाही. मी तुझ्या शेजारी स्टूल घेऊन बसणार आहे आणि फक्त मशीनचा आवाज ऐकणार आहे. आवाज बदलला तर मी तोंड उघडणार नाही. तूच थांबायचंस.

ताई